घर विकायला काढलंय? ‘सफाईचं पॅकेज’ घेण्याआधी आमच्या सांगलीच्या घराचं काय झालं ते वाचा

सांगली-मिरजेत जुनं घर विकायला काढलं की कुणी ना कुणी येऊन म्हणतंच, “घर चकाचक करून घ्या, पाच लाख वर मिळतील.” हे बोलणारा माणूस घराचं गिऱ्हाईकही आपणच आणतो म्हणत असेल, तर तिथेच सावध व्हा. या एका बोलण्यापायी माझ्या आईचे ८५ हजार रुपये गेले, सोप्यातली शहाबादी फरशी गेली आणि आजीच्या वेळचा तांब्याचा बंब गेला. घरही पडत्या भावात जायच्या बेतात होतं, ते थोडक्यात वाचलं. अजून कुणाच्या आईवडिलांवर ही पाळी येऊ नये म्हणून सगळं लिहिते आहे.

घर गावभागातलं. बाबा गेल्यावर आई एकटीच राहायची, भाऊ पुण्याला, मी सांगलीतच विश्रामबागेत. नदीच्या बाजूचं घर, त्यामुळे विकायचं म्हटलं की पहिला प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे बघा. आमच्या सोप्यात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पाणी उंबऱ्याशी येऊन परत फिरलं. भिंतीवर पुराची रेघ राहिली होती आणि तिच्याखाली पांढरा लोणा फुटायचा. हात फिरवला की बोटांना मिठासारखी भुकटी लागायची.

एजंट ओळखीतूनच आला. बोलायला गोड, आईला वाकून नमस्कार. “काकू, ५२ लाखांचं गिऱ्हाईक हातात हाय. हळदीचा व्यापारी माणूस. पण बायकामाणसं बघायला येणार. असं कळकट घर बघून ती आत पाऊल टाकायची न्हाईत. माझी पोरं लावतो, काचेगत करून देतो. ८५ हजार जातील, पण पाच लाख वर मिळतील की!” एका साध्या कागदावर त्याने लिहून दिलं: संपूर्ण सफाई, फरशी पॉलिश, भिंतींचे डाग, रंग, भंगार उचलणे. खाली सही, पण दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही. पैसे फोनवरून पाठवायला सांगितले ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर, “मेव्हण्याचं खातं हाय” म्हणून. काम सुरू होताना आईला म्हणाला, “औषधाचा वास लई बसतो, काकू. काम होईतोवर लेकीकडं जावा.” किल्ली त्याच्याकडे राहिली.

आम्ही परत आलो तेव्हा घर खरोखर झळकत होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र, फरशी ओली असावी तशी काळीभोर. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या माघारी घर असं कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीसारखी फरशी पुसायला घेतली. फडकं पिळलं तर पाण्यावर तेलाचा तवंग. जिथून फडकं फिरलं होतं तिथला काळेपणा उतरला आणि खाली पांढुरके, ढगाळ चट्टे दिसायला लागले. मी अनवाणी चालून पाहिलं. ज्या फरशीवर आम्ही भावंडं लहानपणी पोटावर लोळत अभ्यास करायचो, ती तळव्याला खरखरीत लागत होती. खिडकीच्या गजांवर लालसर गंज चढला होता, न्हाणीघरातल्या तोट्याही तशाच. परड्यात दोन पांढरे कॅन पडले होते, त्यांवर कसलंच लेबल नव्हतं. वास घेतल्याबरोबर कळलं, अॅसिड.

हे जरा सविस्तर सांगते, कारण सांगलीतल्या जुन्या घरांत बहुतेक ठिकाणी हीच फरशी आहे. शहाबादी आणि कडप्पा, दोन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच जातीचा, आणि मोझॅकमध्ये सिमेंट नि संगमरवराचे तुकडे असतात. चुनखडीवर अॅसिड पडलं की फेस येतो. लोकांना वाटतं मळ निघतोय, पण तो दगडच विरघळत असतो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड राहिली की पांढरा डाग पडतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. तेच या लोकांनी अख्ख्या सोप्यात केलं आणि वर तेल चोळून झाकलं. अॅसिडची वाफ बंद घरात कोंडली, म्हणून लोखंड गंजलं. अशी फरशी परत आणायची तर मशीन लावून वरचा थर घासून काढावा लागतो. त्याचा खर्च निराळा, आणि दगड पातळ होतो तो होतोच.

माळ्यावर गेले तेव्हा माळा रिकामा. पितळेची दोन घंगाळं, परात आणि बंब, काहीच नव्हतं. एजंटाला फोन केला तर म्हणाला, “ताई, भंगार उचलायचं कागदावर लिवलंय की.” तांब्याचा बंब भंगारात! आजी त्यात पाणी तापवायची. दर दिवाळीला चिंच लावून तो घासायचं काम माझ्याकडे असायचं. तांब्याचा आजचा भाव काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला पैशाचं सोडा, तो बंब गेला याचा राग अजून जात नाही.

आणि हळदीचा व्यापारी? तो “मागं सरला”. मग एजंट दुसरं गिऱ्हाईक घेऊन आला. त्या माणसाने चप्पल काढली आणि थेट सोप्यातल्या चट्ट्यांवर जाऊन उभा राहिला. “फरशी सगळी काढावी लागणार. भिंतीत ओल दिसतीया. ४३ देतो.” नऊ लाख खाली. एजंट आईला बाजूला घेऊन सांगत होता, “काकू, पावसाळ्याआधी उरकून टाका. परत पाणी आलं तर हेबी मिळायचं न्हाई.” आई घाबरली होती. टोकन घ्यायची भाषा करायला लागली.

त्यावेळी आमच्या मदतीला आले पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक. त्यांनी आधीच्या वर्षी घर विकलं होतं. त्यांनाही असाच हळदीचा व्यापारी दाखवला होता, सफाईचे पैसे घेतले होते, आणि शेवटी घर तिसऱ्यालाच स्वस्तात गेलं होतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांची इंडेक्स टू, म्हणजे घर कुणी विकलं नि कुणी घेतलं याची नोंद, पाहता येते. भावाने पुण्याहून त्यांच्या घराची काढली. खरेदीदारांत नाव कुणाचं? आमच्याकडे ४३ लाखांची बोली घेऊन आलेल्या त्याच माणसाचं. म्हणजे ८५ हजार हा नुसता वरकड नफा. खरा डाव घरावर होता. सफाईच्या नावाखाली घर बिघडवायचं, त्याच बिघाडाकडे बोट दाखवून भाव पाडायचा आणि आपल्याच माणसाला मिळवून द्यायचं. कुणी मोठी रक्कम सांगून गिऱ्हाईक आणलं, तर त्याचं नाव घेऊन आसपासच्या विक्रींची इंडेक्स टू नक्की पाहा.

आम्ही टोकन घेतलं नाही. किल्ली परत मागितली. मिळाली, तरी कुलूप बदललं.

माडीवरच्या दोन खोल्यांत बाबांची पुस्तकं होती आणि त्यांना वेगळं कुलूप होतं, म्हणून त्या वाचल्या. त्या आम्हीच साफ केल्या: आई, मी, माझी जाऊ आणि पुण्याहून आलेला भाऊ. सामान लागलं सात-आठशे रुपयांचं. आधी पुस्तकं नि जुने गाठोडे हलवले. खोली रिकामी झाली की तिचा आकार दिसतो, आणि घर घेणारा माणूस आकारच विकत घेत असतो. मग वरून खाली: जळमटं, पंखे, दारांच्या चौकटीवरची धूळ, शेवटी फरशी. फरशीला साधा साबण नि कोमट पाणी, नारळाच्या काथ्याने घासून लगेच कोरडी केली. खिडक्यांच्या काचा ओल्या वर्तमानपत्राने पुसल्या. बटणांवरचे काळे हात मेन स्विच बंद करून किंचित ओल्या फडक्याने निघाले. सागवानी दारावर नुसतं कोरडं फडकं आणि मग थोडं जवसाचं तेल. स्वयंपाकघराच्या टाइल्सवरचा तेलकट थर धुण्याच्या सोड्याने जातो. तोटीवरचे पांढरे डाग लिंबाने जातात. पण हे लिंबू टोपीसारखं फक्त तोटीवर बसवायचं, खाली ओट्यावर थेंब पडू द्यायचा नाही.

एका कोपऱ्यात हळदीचं पोतं असायचं, तिथे भिंत पिवळी होती. जावेने सोड्याचं पाणी लावलं तर डाग लालभडक झाला! सोडा किंवा साबण लागला की हळद लाल होते, कुंकू तसंच करतात. घाबरू नका. साध्या पाण्याने पुसा आणि खिडकी उघडी ठेवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दिवसागणिक फिका होत जातो. सांगलीत हा डाग घरोघरी असतो आणि त्यासाठी कुणी ‘औषध’ विकत असेल तर घेऊ नका.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. संडासाचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात जिवावर बेततं.

आता ओलीचं. त्या पोरांनी लोण्यावर सरळ रंग मारला होता. महिन्याभरात पोपडे सुटले आणि रेघ पुन्हा वर आली. ओल भिंतीच्या आत असेल तर वरून कुठलाही रंग टिकत नाही, ती आधी वाळायला हवी. भिंत अजून ओली आहे का हे पाहायला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग गच्ची, पाइप, परड्यातला उतार बघायचा. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, कारण पाण्याबरोबर क्षार परत आत जातात.

आणि पुराची रेघ लपवू तर मुळीच नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, त्याचं कलम ५५ सांगतं की घेणाऱ्याला साध्या काळजीने पाहूनही कळणार नाही, पण विकणाऱ्याला माहीत आहे असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. म्हणजे एजंटाने रंगाखाली ओल दडपली तरी उद्या उत्तर द्यायची वेळ येते ती सही करणाऱ्यावर, आमच्या बाबतीत माझ्या आईवर. एजंट तोवर कमिशन घेऊन मोकळा झालेला असतो. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते. पैसे घेऊन त्याने आईला खोटेपणातही ओढलं होतं.

पुढच्या वेळी घर पाहायला आलेल्या कुटुंबाला आम्ही रेघ दाखवली, २०१९ चे फोटो दाखवले, फरशीचं काय झालं तेही सांगितलं. त्या घरच्या आजी माडीवर गेल्या, खिडकी उघडली आणि तिथेच बसून राहिल्या. व्यवहार ४९ लाखांना झाला, मधे कुणी एजंट नव्हता. साफसफाईमुळे नेमके किती वाढले हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही, आणि म्हणूनच आकडा सांगणाऱ्याचा संशय घ्यायचा. स्वच्छतेने एवढंच होतं की पाहणारा माणूस घरात रेंगाळतो आणि भाव पाडायला हाताशी येणारी कारणं कमी होतात.

माणूस लावायचाच असेल तर आधी कपाटामागच्या एका फरशीवर करून दाखवायला सांगा आणि वाळल्यावर, पाण्याने पुसून, दुसऱ्या दिवशी बघा. बाटलीवरचं लेबल वाचा. माळा स्वतः रिकामा करा. घरात आपलं कुणीतरी थांबा. सफाईवाला आणि घर विकून देणारा एकच नको.

आम्ही पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली आहे. सेवेतल्या फसवणुकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी तिथे शुल्क नाही आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. आमच्या उपयोगी पडलं ते असं: पैसे पाठवल्याचा फोनवरचा पुरावा, तो सहीचा साधा कागद, काम व्हायच्या आधीचे फरशीचे फोटो, जे भाच्याच्या बारशात सहज काढलेले होते, आणि परड्यातले ते दोन कॅन, जे आईने फेकू दिले नाहीत. तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याकडेही हळदीचा व्यापारी येऊन गेला असेल तर कागद जपून ठेवा आणि मुदतीच्या आत तक्रार करा.