लॅटिन कमी आणि मार्कर जास्त हवा होता

एक्स-रे विभागात पोस्टिंगला आलेली मुलंमुली माझ्या हाताखाली काम शिकतात. त्यातली बरीचशी एक्स-रे तंत्रज्ञांसाठीचा कायदा, नीती आणि रुग्णसेवेचा हा ऑनलाइन कोर्स करून येतात, म्हणून मी त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले आणि शेवटची परीक्षाही देऊन बघितली. पाचपैकी साडेतीन तारे.

सगळ्यात उत्तम धडा पेशंटची ओळख पटवण्याचा. ‘तुम्हीच ना अमुक?’ असं विचारायचं नाही. ‘पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा’ असं विचारायचं आणि उत्तर फॉर्मशी ताडून बघायचं. कमी ऐकू येणारा, घाबरलेला किंवा नुसताच कंटाळलेला पेशंट कुठल्याही नावाला मान डोलावतो. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, खाटा बदलत असतात. पुढे एक छान प्रसंग आहे. फॉर्मवर डावं मनगट लिहिलंय आणि सूज उजव्या मनगटाला. व्हिडिओतली मुलगी एक्स्पोजर देत नाही, म्हणजे किरण सोडत नाही, फॉर्मवर खाडाखोडही करत नाही, थेट ज्यांनी तपासणी लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन लावते. बरोबर. फॉर्म दुरुस्त करणं आपलं काम नाही, थांबणं आहे.

मार्करबद्दल मात्र हा कोर्स दोन वाक्यांत उरकतो, तिथे माझा पहिला तारा गेला. फोटोत बाजू दाखवणारा शिशाचा उजवा-डावा मार्कर (‘आर’ किंवा ‘एल’ अक्षर) एक्स्पोजरच्या आधी फील्डमध्ये, म्हणजे किरण पडणाऱ्या भागात, ठेवायला हवा. नंतर संगणकावर ‘आर’ चिकटवायची सवय डिजिटल यंत्रांनी लावली आहे. पण तो नंतर कुणीतरी आठवणीने लावलेला असतो, आणि वाद उभा राहिला तर त्याला शिशाच्या मार्करइतकं वजन नसतं. मोठं फील्ड मारून नंतर स्क्रीनवर कडा कापणं हा त्याचाच भाऊ. कापलेल्या भागाला किरणांचा डोस आधीच बसलेला असतो, वर त्या भागातली माहितीही रेडिओलॉजिस्टच्या नजरेआड जाते. नीतीच्या कोर्सात हे नाही तर कुठे असणार?

कायद्याच्या भागात निष्काळजीपणा सिद्ध व्हायला काय लागतं ते नीट समजावलंय: कर्तव्य, त्यात कसूर, प्रत्यक्ष हानी आणि ती त्या कसुरीमुळेच झाली हे. संमतीचाही धडा चांगला. संमती म्हणजे सही नव्हे, आणि तपासणी अर्ध्यात असतानाही पेशंट ती मागे घेऊ शकतो. इंग्लिश परंपरेच्या कायद्यात संमतीशिवाय केलेला स्पर्श, इजा झाली नाही तरी, ‘बॅटरी’ ठरू शकतो. पेल्व्हिसच्या (ओटीपोटाच्या हाडांच्या) फोटोसाठी पेशंटला नीट झोपवताना कमरेचं हाड चाचपायचं तर हात कुठे जाणार आणि कशाला, हे आधी सांगायचं. व्हिडिओत ते करून दाखवलंय. परीक्षेत मात्र यातलं फारसं येत नाही. तिथे ‘रेस इप्सा लोक्विटर’ (घटनाच निष्काळजीपणा सांगते) आणि ‘रिस्पॉन्डिएट सुपिरिअर’ (नोकराच्या चुकीला मालक जबाबदार) हे लॅटिन शब्द पाठ केलेत का तेवढंच विचारतात.

एक्स-रे काढताना लहान मुलाला धरायचं कुणी, हा रोजचा प्रश्न. कोर्स म्हणतो, ‘योग्य ती मदत घ्यावी’. म्हणजे कुणाची? आधी पट्टे, स्पंज, वाळूच्या पिशव्या वापरायच्या. त्यानेही जमलं नाही तर नातेवाईक. ती बाई असेल तर गरोदर नाही हे विचारून घ्यायचं, अंगात शिशाचा (लेड) ॲप्रन हवा आणि हात मुख्य किरणांच्या बाहेर. विभागातल्या माणसाने रोज उठून धरायचं नाही. आणि कारण नसताना बांधून ठेवलं तर तेही कायद्यात बसत नाही.

आणखी अर्धा तारा गोनाडल शिल्डिंगवर, म्हणजे जननग्रंथींवर शिशाचं आवरण ठेवण्यावर, गेला. पेल्व्हिसच्या प्रत्येक फिल्मला शिल्ड घालाच, असं अजून शिकवतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2019 मध्येच ही सरसकट सवय थांबवा म्हणून सांगितलं, 2021 मध्ये तिथल्या एनसीआरपी या किरणसुरक्षेच्या परिषदेनेही. शरीराच्या आतून विखुरणारे किरण शिल्डने अडत नाहीत, शिल्ड बघायचा असलेला भागच झाकते, आणि किरण किती सोडायचे ते आपोआप ठरवणाऱ्या सेन्सरवर आली तर यंत्र डोस उलट वाढवतं. तुमच्या विभागाचा लेखी नियम काय म्हणतो ते बघून वागा, पण कारणं तरी शिकवा! डोसच्या मर्यादा मात्र आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे अचूक आहेत: कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं एकक), कुठल्याही एका वर्षात 50 च्या वर नाही. पेशंटला अशी मर्यादा नसते, म्हणून तपासणी खरंच लागते का हा प्रश्न आधी, हे त्यांनी ठासून सांगितलंय.

रुग्णसेवेत ट्रॉलीवरून घेताना युरिन बॅग पेशंटच्या पोटावर ठेवू नका, ती मूत्राशयाच्या खालीच राहू द्या, हे दाखवलं ते बरं केलं. फोटो काढल्यावर येणारा हमखास प्रश्न, ‘हाड मोडलंय का हो?’, त्याचाही सराव करून घेतात. ‘मला काय कळतंय’ हे खोटं, आणि ‘हो, मोडलंय’ हे आपल्या अधिकाराबाहेर. ‘फोटो नीट आलेत, डॉक्टर बघून सांगतील’ एवढंच, तेही चेहरा सांभाळून. पण छातीच्या फिल्मवर फुफ्फुस दबलेलं दिसलं तर पेशंटपाशी गप्प आणि डॉक्टरांना त्याच मिनिटाला फोन, हे दुसरं टोक कोर्सात आलंय याचं मला विशेष वाटलं.

शिक्षकांनी कोर्स लावायला हरकत नाही. शिल्डिंगचा धडा वगळा, मार्कर आणि मुलाला धरणं विभागात उभं राहून शिकवा. कायदा आपापल्या देशाचा वेगळा वाचावा लागेल.