लीन ४ : शून्याने भागा, उत्तर मिळेल

लीन ४ हे गणिती सिद्धता ओळ न् ओळ तपासणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ब्राउझरमध्येही चालतं. मी बारावीला गणित शिकवतो; ‘शून्याने भागायचं नाही’ हे पोरांकडून घोकून घेण्यात हयात गेली. इथे १/० = ० असं टाइप केलं, पुढे ‘सिम्प’ (आपोआप सोपं रूप देणारी आज्ञा) लिहिलं, तर सिद्धता मान्य! वास्तव संख्यांत उणे एकचं वर्गमूळ? तेही शून्य.

पण यात लबाडी नाही. लीनमध्ये प्रत्येक पदाला काहीतरी किंमत असावीच लागते. जिथे ती नाही तिथे एक ठरवून दिलेली. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी १८९३ मध्ये असाच तोडगा काढला होता. सोय अशी की (अ+ब)/क = अ/क + ब/क वापरताना क शून्य नाही हे दर वेळी दाखवत बसावं लागत नाही. अ/अ = १ ला मात्र ती अट दिल्याशिवाय सुटका नाही, त्यामुळे विसंगती शिरत नाही.

खरी गंमत नावांची : नाव दिलं म्हणजे ती वस्तू असतेच असं नाही. बुधाची कक्षा हिशेबापेक्षा जास्त सरकते म्हणून १८५९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी त्या कक्षेच्या आत आणखी काहीतरी फिरत असावं असं मांडलं. त्या न सापडलेल्या ग्रहाचं बारसंही झालं : व्हल्कन. शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये ग्रहाविनाच भरून काढला. आता लीनमध्ये ‘ॲक्सियम’ (सिद्धतेविना मानलेलं गृहीतक) म्हणून व्हल्कन हा ग्रह जाहीर करा. पुढच्याच ओळीत ‘व्हल्कन असलेला एक ग्रह अस्तित्वात आहे’ हे सिद्ध! हू की चू नाही. उलट ‘चूज’ ही आज्ञा वापरून नाव द्यायला गेलात, तर आधी अस्तित्वाची सिद्धता मागतं. हे मला फार आवडलं.

नाव घ्यायचं पण अस्तित्व गळ्यात पडू द्यायचं नाही, ही मुभा देणारं तर्कशास्त्र आहे. तर्कशास्त्रज्ञ कॅरल लँबर्ट यांनी त्याला ‘फ्री लॉजिक’ म्हटलं. लीनमध्ये ते आयतं मिळत नाही. ‘ऑप्शन’ (किंमत आहे किंवा नाही, दोन्ही चालवून घेणारा प्रकार) वापरून जमवता येतं, पण दर पायरीला गुंडाळा-उलगडा करून जीव मेटाकुटीला येतो.

पाचपैकी चार तारे. ‘सिद्ध झालं’ असं कुणी नाचत आलं, तर आधी ‘प्रिंट ॲक्सियम्स’ (सिद्धता कोणत्या गृहीतकांवर उभी आहे ते दाखवणारी आज्ञा) चालवायला सांगा. जाहीर केलेला व्हल्कन तिथे लगेच दिसतो. १/० मात्र तिथे दिसणार नाही, त्यासाठी विधानच डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं.