नमुना एक, टेम्पोत भलतीच: वाफ्यांच्या मातीत झालेली फसवणूक

नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये सध्या उंच वाफे करून भाजी लावायची हौस वाढली आहे आणि तिच्या मागोमाग ‘शेतातली लाल माती, शेणखत मिसळून, घरपोच’ म्हणणारे टेम्पोवालेही आले आहेत. त्यातल्या एकाने आमच्या सोसायटीला साडेनऊ हजारांना गंडा घातला. आणखी कोणी यात सापडू नये म्हणून सगळं लिहिते आहे.

नमुन्याची माती खरोखर उत्तम होती. भुसभुशीत, मुठीत आवळली की गोळा होणारी आणि बोट लावलं की फुटणारी. टेम्पो मात्र अंधार पडल्यावर आला. त्याच्या माणसांनी भराभर माती ओतली, वर चार बोटं नमुन्यासारखी माती पसरली आणि पैसे घेऊन निघून गेले. बिल मागितलं तर ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो ताई’. ते कधीच आलं नाही.

पहिलं पाणी घातलं आणि खाडीचा वास सुटला. खुरप्याने उकरलं तर खाली काळा चिकट गाळ, त्यात बारीक शिंपले, टाइल्सचे तुकडे, सिमेंटचे गोळे. मेथी उगवली, पण पानांच्या कडा करपत गेल्या. वाफा सुकला की वर मिठासारखा पांढरा थर. खाडीकाठी इमारतीचा पाया खणला की निघालेला गाळ आणि राबिट (बांधकामाचा टाकाऊ ढिगारा) कुठेतरी टाकावंच लागतं. यांना ते फुकटात मिळतं, आपल्याला ब्रासच्या भावाने विकतात. मापातही मारलं. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ८ बाय ४ फुटांचा, फूटभर उंच वाफा ३२ घनफुटांचा, म्हणजे एका ब्रासमध्ये असे तीन वाफे काठोकाठ भरायला हवेत. आमचे तीन अर्ध्याच्या जरा वर भरले.

फोन केला तर म्हणाला, ‘पावसात सुधारेल.’ नंतर फोनच उचलेना. निचरा चांगला असेल तर पावसाने क्षार धुऊन जातात, हे खरं. सिमेंट आणि टाइल्स कुठे जाणार?

माती उतरवायच्या आधी टेम्पोच्या तळातली मूठभर काढायला लावा. वरची बघून काही कळत नाही. तिच्यावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना, सिमेंट किंवा शिंपल्यांचा चुरा आहे. बरणीत पाण्यात ढवळून ठेवा: वाळू लगेच बसते, चिकणमातीने पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं. मोठी खरेदी असेल तर अर्धा किलो नमुना मृद चाचणीला द्या आणि क्षारता आवर्जून बघा. माती, मुरूम हे गौण खनिज आहे, वाहतुकीचा परवाना लागतो. तो मागितला की असले लोक गडबडतात.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आम्ही तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची पावती आणि वाफ्यांचे फोटो जोडलेत. तोच टेम्पोवाला आता खारघरच्या सोसायट्यांमध्ये नमुन्याची पोती दाखवत फिरतोय, असं कळलं आहे.