सान्सुई रिपेअरला दिला आणि ३२,२०० रुपयांना फसले, जुन्या स्टीरिओवाल्यांनी वाचाच

घरात जुना अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), रिसीव्हर, टर्नटेबल असं काही असेल आणि कोणी "फुल रिस्टोअर करून देतो, एकदम फॅक्टरी कंडिशन" म्हणत असेल, तर मशीन त्याच्या हातात द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. मी बरेच दिवस लिहायचं टाळलं, लाज वाटत होती, घरात अजूनही ऐकून घ्यावं लागतंय. पण परवा कळलं की तोच माणूस नवीन नंबर घेऊन बिनधास्त कामं घेतोय, मग मात्र डोकं सटकलं.

मशीन म्हणजे सान्सुई एयू-७१७ अ‍ॅम्प. १९७७ चं मॉडेल, चॅनेलला ८५ वॉट, बाबा कुवेतला नोकरीला होते तेव्हा त्यांनी घेतलेला. बाबा आता नाहीत. इतकी वर्षं अ‍ॅम्प नीट चालला आणि मग डावा चॅनेल मधेच जायला लागला, व्हॉल्यूम फिरवला की खरखर. ज्यांच्याकडे त्या काळातला सान्सुई आहे त्यांना माहितीये, कंपनीने मोठे कपॅसिटर बोर्डावर चिकटवायला जो पिवळट गोंद वापरला तो वर्षानुवर्षं तापून तपकिरी होतो, मग त्यातून करंट लीक व्हायला लागतो आणि आजूबाजूच्या पार्ट्सचे पाय खाऊन टाकतो. म्हणजे काम खरंच निघालेलं होतं, मी काही हौस म्हणून चालू मशीन उघडायला दिलं नव्हतं.

आणि माणूस शोधताना डोळे मिटूनही गेले नव्हते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घातली, बहुतेकांनी "एवढं जुनं आम्ही घेत नाही" म्हणून वाटेला लावलं, एका दुकानदाराने याचा नंबर दिला. फोनवर न ठरवता मी प्रत्यक्ष जाऊन त्याची जागा बघितली. भिंतीला लागून मरांट्झ, पायोनियर, अकाईची मशीनं रचलेली, टेबलावर ऑसिलोस्कोप, सोल्डरिंग स्टेशन. मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "ताई, ७१७ म्हणजे गोंदाचा प्रॉब्लेम असणार, तो आधी काढावा लागेल." आता मला सांगा, ज्याला रोग न सांगता कळतो त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर? आज वाटतं ती रचलेली मशीनं दुरुस्तीला आलेली नव्हती, पार्ट काढून घेण्यासाठी ठेवलेली होती. कोणाकोणाची असतील कोण जाणे.

पैसे असे गेले. आधी ॲडव्हान्स ८,००० रुपये. मग "सगळे कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जपानहून मागवतोय, इथे सगळा डुप्लिकेट माल आहे" म्हणून १४,५००. मग पार्सल अडकलंय, कस्टम भरावं लागेल म्हणून ३,२००. मग ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग शॉर्ट निघालं, रिवाइंडिंग ६,५००. एकूण ३२,२००, सगळे यूपीआयने, आणि बिल मागितलं की "काम पूर्ण झालं की एकदम देतो ना". ट्रान्सफॉर्मरला मी अडून बसले होते, म्हटलं मशीन तर चालू होतं, वाइंडिंग शॉर्ट असतं तर चाललं कसं? त्यावर "ताई, हे टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळायचं." हे वाक्य ऐकलंत की मशीन उचला आणि घरी या. खरा कारागीर मीटर लावून दाखवतो, नाही कळायचं म्हणत नाही.

मधे मधे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा. चकाचक बोर्ड, निचिकॉन कंपनीचे सोनेरी कपॅसिटर ओळीने बसवलेले. फोटो इतके जवळून काढलेले की आजूबाजूचं काही दिसू नये. माझ्याच मशीनचं बोर्ड होतं की दुसऱ्या कोणाचं हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुम्ही काय करा, देण्याआधी स्वतः झाकण काढून आतले सगळे फोटो घ्या, मागचा सिरीयल नंबर, प्रत्येक बोर्ड, हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर नंबर वाचता येतील असे. प्लग काढून ठेवा आणि आत हात घालू नका, मोठे कपॅसिटर बंद मशीनमध्येही झटका देतात.

आता ती गोष्ट जी आठवली की अजून रात्री झोप येत नाही. मशीन घ्यायला गेले तेव्हा त्याने लावून दाखवलं. बटण दाबलं आणि लगेच गाणं सुरू. लगेच! ज्याच्या घरी हा अ‍ॅम्प आहे त्याला विचारा, बटण दाबलं की काही सेकंद काहीच होत नाही, मग आतून "टक्" असा आवाज येतो आणि मगच स्पीकर चालू होतात. तो स्पीकर प्रोटेक्शनचा रिले, आत सगळं ठीक आहे याची खात्री झाल्याशिवाय स्पीकर जोडत नाही. मी लहानपणापासून तो टक् ऐकलाय. बाबा बटण दाबून हात मागे घेऊन थांबायचे, टक् झालं की मग पिन रेकॉर्डवर ठेवायचे. त्या दिवशी टक् झालंच नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं, मी त्याला विचारलंही! तर म्हणाला, "नवीन कपॅसिटर आहेत ना ताई, चार्ज व्हायला वेळ लागत नाही आता, म्हणून लगेच." इतक्या सहज, इतक्या आत्मविश्वासाने. समोर गाणं वाजतंय, दोन्ही चॅनेल स्वच्छ, खरखर गेलेली, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, उरलेले पैसे आधीच दिलेले. अशा वेळी कोण म्हणेल की थांब, झाकण उघड? पण उघडायला लावायला हवं होतं. टेम्पोचे १,१५० रुपये गेले असते तर गेले असते.

काही आठवडे वाजला. मग एका संध्याकाळी गाणं चालू असताना डाव्या स्पीकरच्या वूफरचा कोन धप्पकन पुढे येऊन तिथेच अडकला, आणि जळका वास. मी धावत प्लग काढला तोवर कॉइल गेलेली.

त्याला फोन केला तर आधी "व्होल्टेज वाढलं असेल", मग "तुम्ही वायर शॉर्ट केली असेल", मग फोन बंद. जागेवर गेले तर कुलूप, आणि शेजारचा सांगतो भाड्याची होती, सोडली.

मग ओळखीतून एक निवृत्त काका मिळाले, आयुष्यभर रेडिओ ट्रान्समीटरवर काम केलेले. त्यांनी माझ्यासमोर झाकण काढलं आणि पहिलाच शब्द काढला तो इथे लिहिता येणार नाही. रिलेच्या पायांवर तांब्याच्या वायरचे तुकडे सोल्डर केलेले. म्हणजे प्रोटेक्शन बायपास! बोर्डात दोष होता म्हणून रिले जोडत नव्हता, तर दोष शोधायच्या ऐवजी या नालायकाने रिलेच शॉर्ट करून टाकला. ट्रान्झिस्टर उडाल्यावर सप्लायचा अख्खा डीसी करंट थेट वूफरमध्ये. घरात कोणी नसतं तर आग लागली असती.

बाकीचंही बघा. मूळचे जपानी आउटपुट ट्रान्झिस्टर गायब, त्यांच्या जागी तोशिबा छापलेले ५२०० आणि १९४३ नंबरचे ट्रान्झिस्टर. बाजारात नकली भरपूर मिळणारी जोडी ही, आणि १९७७ मध्ये हे नंबर अस्तित्वातच नव्हते. काकांनी थिनरचा बोळा फिरवला तर छपाई पुसून हातात आली. वरून दिसणारे कपॅसिटर बदललेले, पण एकाचं सोनेरी स्लीव्ह ब्लेडने कापलं तर खाली दुसरंच हिरवं स्लीव्ह, दुसरी व्हॅल्यू, कमी व्होल्टेजची. आतल्या बोर्डावर तोच तपकिरी गोंद जसाच्या तसा, हातही लावलेला नाही. आणि ट्रान्सफॉर्मर? बोल्टवर फॅक्टरीत लावलेला रंगाचा ठिपका अखंड होता. ६,५०० रुपये रिवाइंडिंगचे! बोल्ट न फिरवता रिवाइंडिंग!

वूफरची कॉइल २,४००, काकांनी तपासून लिहून दिलं त्याचे १,५०० (ते घेत नव्हते, मी दिले). सगळं धरून ३७,२५०. आणि अ‍ॅम्प अजून बंद.

आता तक्रारीचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे. आमच्या इथलं पोलीस स्टेशन म्हणालं मशीन मुंबईत दिलंत, तिकडे जा. तिकडे गेले तर पैसे तुम्ही घरून पाठवलेत, तुमच्या हद्दीत करा. मी म्हटलं झिरो एफआयआर घ्या, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कोणतीही असली तरी खबर घ्यावी लागते असं लिहिलंय, तर ठाणे अंमलदार हसला. "मॅडम, रिपेअरिंगचं भांडण आहे, सिव्हिल मॅटर आहे." अहो, पार्ट चोरले, खोट्या कस्टमचे पैसे घेतले, हे भांडण? भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? दुसऱ्या साहेबांनी तर विचारलं, "एवढ्या जुन्या टेपवर ३२ हजार कशाला घालवलेत, नवीन आलं असतं ना." म्हणजे फसवणारा मोकळा आणि जाब मला! शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच द्यायलाही का कू. पोच घेतल्याशिवाय हलू नका, आणि एफआयआर घेतच नसतील तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा, कायद्यात ती सोय आहे. बँकेचं उत्तर एका ओळीचं, पिन तुम्हीच टाकलाय. सायबरवाले म्हणाले समोरासमोर भेटून दिलेले पैसे आमच्यात येत नाहीत. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगायचं, प्रत्येक ठिकाणी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच, की बाई गाण्याच्या डब्यासाठी आलीये.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीये. ती मात्र टाकाच. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करायची, ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन होते. तिथल्या कारकुनाने मला बिल नाही म्हणून परत पाठवायचा प्रयत्न केला, तर त्याला सांगितलं की बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग घेतली. यूपीआयचे रेफरन्स नंबर, व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्सपोर्ट करून, काकांचा रिपोर्ट, सगळं जोडलं. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, लॅब टेस्टिंग लागलं तर पाच. आमची नोटीसच "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आली. म्हणून आधार कार्ड नाही तरी निदान त्याचा राहता पत्ता, आणि सही-तारखेसकट जॉब कार्ड, हे मशीन देतानाच घ्या.

काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत परत मागायचा, हे आधीच बोलून ठेवा, चेहरा बघा काय होतो. घेताना झाकण उघडं ठेवूनच टेस्ट करायला लावा, पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे मेनच्या वायरमध्ये बल्ब जोडून. स्पीकर न जोडता आउटपुटवर मल्टिमीटर लावून डीसी बघा, पन्नास मिलिव्होल्टच्या वर असेल तर उचलू नका. आणि पूर्ण पैसे मशीन घरी आठवडाभर चालल्यावर. काका म्हणाले चांगला माणूस याला नाही म्हणत नाही, ते स्वतः तर अर्धे पैसेसुद्धा आधी घेत नाहीत.

तो माणूस पन्नाशीचा आहे, गोड बोलतो, मॉडेल नंबर ऐकला की रोग स्वतःहून सांगतो, आणि दुसऱ्याच आठवड्यात जपानच्या पार्सलवर कस्टम लागल्याचा मेसेज येतो, पावती मागितली की ब्लर फोटो. हा मेसेज ज्यांना आत्ता आलाय त्यांनी पैसे पाठवू नका, आजच्या आज जाऊन मशीन घेऊन या, जागेला कुलूप लागायच्या आत.