क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजी: चवथीपासून शिगम्यापर्यंत खेळून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. गेम घ्या, पण पहिला भाग पहिला खेळू नका. दुसऱ्यापासून सुरू करा, मग तिसरा, आणि हात बसला की पहिल्याकडे वळा. उलटं वाटेल पण त्याला कारण आहे.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी, क्रॅश म्हणजे १९९६ साली नॉटी डॉगने प्लेस्टेशनसाठी काढलेला तो नारिंगी प्राणी, निळी पँट, हातात मोजे, जिंकला की वेड्यासारखा नाचणारा. १९९७ ला दुसरा भाग, १९९८ ला तिसरा. व्हिकेरियस व्हिजन्स या कंपनीने हे तिन्ही नव्याने बांधून जून २०१७ मध्ये पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर आणले आणि वर्षभराने स्विच, एक्सबॉक्स, पीसीवर. माझ्याकडे सेकंडहँड पीएस४ आणि त्याची डिस्क, चवथीच्या आधी म्हापशातून घेतलेली. जुन्या सीड्यापण होत्या कपाटात, पण आपल्याकडच्या पावसात सीडीला बुरशी धरते आणि एकदा आतल्या थरात शिरली की कितीही पुसा जात नाही, त्यामुळे जुनं-नवं शेजारी लावून बघायचा बेत तिथेच बोंबलला. मग मित्राच्या चालू सीडीवर भागवलं.

दिसायला गेम झकास आहे, त्यावर जास्त बोलत नाही, कोणताही व्हिडिओ बघा कळेल. केस, भुवया, जंगलातली पानं, ओल्या दगडावरची चमक. मजा म्हणजे कंपनीला जुन्या लेव्हलचे नुसते सांगाडे मिळाले होते, तेही कुठल्यातरी विचित्र फॉरमॅटमध्ये, ते उलगडून त्याच्यावर सगळं परत चढवलं. म्हणजे खड्डे तिथेच, पेट्या तिथेच, अंतरं जवळपास तीच. आणि घोळ इथेच सुरू होतो.

जुन्या प्लेस्टेशनला रॅम फक्त २ एमबी. क्रॅशचं अख्खं शरीर साधारण ५०० पॉलिगॉनमध्ये, म्हणजे छोट्या सपाट तुकड्यांत, बसवलेलं. एवढ्याशा जागेत असं जंगल दाखवायचं म्हणून त्यांनी कॅमेरा ठरलेल्या रुळावर ठेवला, खेळणाऱ्याच्या हातात दिलाच नाही, आणि रस्ता गल्लीसारखा अरुंद. आता रस्ता अरुंद, कॅमेरा आपला नाही, मग खेळणाऱ्याकडे उरतं काय? उडी. अख्खा गेम त्या एका उडीच्या मापावर शिवलेला आहे.

आणि नव्यात उडीच बदलली. तिन्ही गेमसाठी एकच उडी ठेवली, ती तिसऱ्या भागाच्या मापाने. खाली येताना क्रॅश पूर्वीपेक्षा लवकर येतो. त्यात पायाखालचा जो न दिसणारा आकार असतो, ज्यावरून गेम ठरवतो की तुम्ही टेकलात की पडलात, तो जुन्यात सपाट तळाचा होता, अर्धं पाऊल काठावर टेकलं तरी भाऊ उभा. नव्यात तो खालून गोल आहे. कठड्यावर नारळ ठेवून बघा, तसं. टेकलाय हे डोळ्यांना दिसतं आणि तरी घरंगळून खाली जातो. तेव्हा लोकांनी एवढी ओरड केली की कंपनीने जुलै २०१७ मध्ये स्वतः सांगितलं, हो, उडी तिसऱ्या भागाप्रमाणे आहे, टेकण्याचं गणितही वेगळं आहे, काही ठिकाणी जास्त अचूक मारावी लागेल.

तिसऱ्या भागात याचा त्रास जाणवतसुद्धा नाही, दुसऱ्यात क्वचित. पहिल्यात मात्र द हाय रोड ही लेव्हल आली की कळतं. धुक्यात लटकणारा दोरखंडाचा पूल, मधल्या फळ्या गायब, काही पाय ठेवताच तुटणाऱ्या, समोरून रानडुकरं, आणि मध्येच एक कासव ज्याला उलटं करून त्याच्यावरून उडी घ्यायची. जुन्या गेममध्ये मी ही लेव्हल शाळेत असताना पार केलेली, आता चाळिशीला टेकलोय आणि जीव संपत चाललेत. भाचा शेजारी बसून म्हणतो, "मामा, हो मुद्दाम पडटा!" अगदी तेच वाटतं, मुद्दाम पडतोय.

उपाय सापडले ते लिहितो. एक, अशा लेव्हलला काठी (कंट्रोलरची अंगठ्याने फिरवायची स्टिक) सोडा आणि डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणांवर, खेळा. १९९६ च्या गेमला काठीच नव्हती, कंट्रोलरलाच नव्हती, रस्ते सरळ चार दिशांना आखलेत. डी-पॅडवर क्रॅश सरळ जातो, काठीवर अंगठा जरा तिरका झाला की दरीत. दुसरं, टीव्हीचा गेम मोड चालू करा. आमच्या टीव्हीवर तो बंद होता, चालू केल्यावर बटण आणि उडी यातला उशीर कमी झाला आणि निम्मी चिडचिड तिथेच गेली. तिसरं, फळीच्या अगदी टोकावरून उडी मारायची जुनी सवय सोडा, अर्धं पाऊल आधीच मारा. आणि पुलाच्या बाजूच्या दोरावरून चालत जायची जुनी लबाडी अजून चालते, फक्त आता जास्त जपून.

हे सगळं बोललो तरी परत परत लावतोय हे पण खरं. जे सुधारलंय ते मनापासून सुधारलंय. जुन्या पहिल्या भागात सेव्ह करायचं तर बोनस राउंड गाठून तो पूर्ण करावा लागायचा किंवा जेम, म्हणजे लेव्हलचा बक्षिसाचा हिरा, मिळवावा लागायचा, दोन्ही हुकलं तर मागचं सगळं परत. आता प्रत्येक लेव्हलनंतर आपोआप सेव्ह. पावसात गडगडलं की लाईट जाणार हे धरूनच चालायचं, त्यामुळे आमच्या घरात या एका बदलाची किंमत ग्राफिक्सपेक्षा जास्त. पूर्वी पहिल्या भागात जेमसाठी सगळ्या पेट्या एकदाही न मरता फोडाव्या लागत, आता हे बंधन फक्त रंगीत जेमना. कोको, म्हणजे क्रॅशची बहीण, तिला घेऊन बहुतेक लेव्हल खेळता येतात, भाची फक्त तिलाच घेते. लेव्हल संपल्यावर राहिलेल्या पेट्या एकेक करून डोक्यावर आदळतात ना, त्याच्यासाठी भाचा मुद्दाम पेट्या सोडतो. गेममध्ये गोळा करायच्या वुम्पा फळाला दोघं मानकुराद (आमच्या गोव्याचा आंबा) म्हणतात, दिसतंच तसं.

स्टॉर्मी असेंट ही पहिल्या भागाची लेव्हल, फार कठीण म्हणून १९९६ मध्ये काढून टाकलेली, ती पण इथे दिलीय. काढली ते बरोबरच होतं असं माझं मत झालंय. अजून वर पोचलो नाही आणि घाईही नाही.

पीएस४ वर गेम सेकंदाला ३० फ्रेमला (चित्रांना) चालतो, पीसीवर ६० ला जातो आणि उडीच्या गेममध्ये तो फरक हाताला लागतो, त्यामुळे बरा पीसी असेल तर तिथेच घ्या. आणि ज्यांनी हल्लीचेच प्लॅटफॉर्म गेम खेळलेत, ज्यांना अंदाज चुकला म्हणून दहा वेळा मरणं म्हणजे गेमची चूक वाटते, त्यांनी २०२० चा क्रॅश ४ बघावा. तो टॉईज फॉर बॉब या कंपनीने केलाय, त्यात उडी मारली की जमिनीवर पिवळं वर्तुळ दिसतं, कुठे उतरणार ते कळतं, शिवाय जीव मोजायचे नसतील तर मॉडर्न मोड आहे. हाय रोडवर ते वर्तुळ असतं तर माझा एक कंट्रोलर वाचला असता. तिन्ही गेम एका डिस्कवर आहेत, सेल लागला की घ्या, पूर्ण किमतीला नको.