ऑइलसीड रेपच्या मधासाठी घेतलेलं वॉर्मिंग कॅबिनेट, एक सीझन वापरून झाल्यावर

इथे लिंकनशायरमध्ये एप्रिल लागला की रस्त्याच्या दोन्ही बाजूला नजर जाईल तिथवर पिवळंधमक. ऑइलसीड रेप, आपल्या मोहरीचीच भावकी. मधमाश्या वेड्यासारख्या त्यावर तुटून पडतात, आठ-दहा दिवस चांगलं ऊन मिळालं तर मधकोठी, म्हणजे पेटीचा मध साठवायचा वरचा खण, बघता बघता भरते, आणि नव्या माणसाला वाटतं लॉटरी लागली. मलाही वाटलं होतं. माझ्या चार पेट्या एका शेताच्या बांधाला आहेत, पहिल्या वर्षी मे अखेरच्या बँक हॉलिडेला (इथली सार्वजनिक सुट्टी) आम्ही बाहेर गेलो, म्हटलं आल्यावर सावकाश काढू मध, आलो तर फुलं गळून गेलेली, फ्रेम, म्हणजे पोळ्याच्या चौकटी, मेणाने मस्त सीलबंद, मधयंत्रात लावल्या, हात दुखेस्तोवर फिरवलं आणि थेंब नाही. मध फ्रेममध्येच गोठलेला. दोन अख्ख्या मधकोठ्या, वीसेक किलो माल, डोळ्यांसमोर आणि हाताला काही नाही. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

कारण साधं आहे, रेपच्या मधात फ्रुक्टोजच्या मानाने ग्लुकोज जास्त, आणि ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं म्हणून ते लवकर खडे धरतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली गोठला म्हणजे कुणीतरी साखर घातलीय त्यात. साताऱ्याकडे अजून बऱ्याच घरांत हेच मानतात. तसं नाहीये हो, भरतपूरकडचा शुद्ध मोहरीचा मधही असाच गोठतो.

तर आता कॅबिनेट. यंदा मार्चमध्ये घेतलं, अडीचशे पौंडाच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव घेत नाही. इन्सुलेशन असलेला मोठा डबा, तळाला हीटर, बाहेर थर्मोस्टॅट, आत ३० पौंडाच्या म्हणजे साधारण साडेतेरा किलोच्या दोन बादल्या बसतात. वरचं झाकण काढून नॅशनल या इथल्या नेहमीच्या साइजची मधकोठीही ठेवता येते आणि मी मुख्यतः त्यासाठीच घेतलं होतं.

पण आधी एक स्पष्ट सांगते, फ्रेममध्ये गोठलेला मध हे कॅबिनेट सोडवत नाही. जाहिरात वाचून तसं वाटू शकतं. गोठलेला मध नीट पातळ व्हायला ४५-५० डिग्री लागतात आणि मेण चाळिशीतच मऊ पडायला लागतं, म्हणजे मध सुटायच्या आधी पोळंच फ्रेममधून खाली बसतं. मी एका फ्रेमवर करून बघितलं, नका करू.

ज्याच्यासाठी ते उत्तम आहे ते वेगळं. यंदा मी पाकळ्या गळायला लागल्याबरोबर फ्रेम काढल्या, सगळ्या सीलबंद व्हायची वाटच बघितली नाही. पेटीवर फ्रेम आडवी धरून एक झटका द्यायचा, थेंब उडाले तर मध कच्चा, नाही उडाले तर काढायला हरकत नाही. शिवाय रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मधातलं पाणी मोजायच्या उपकरणावर, पाणी १९ टक्क्यांच्या खाली आहे ना ते बघितलं, इथल्या कायद्याने २० च्या वर चालत नाही. संध्याकाळी मधकोठ्या घरी आणल्या, रात्रभर आळीपाळीने कॅबिनेटवर ३५ डिग्रीला ठेवल्या, म्हणजे पेटीच्या आत माश्या ठेवतात जवळपास तेवढीच ऊब. सकाळी मधयंत्र लावलं तर धार लागली अक्षरशः, मी नवऱ्याला हाक मारून बोलावलं बघायला. चारही पेट्यांचा मध दुपारपर्यंत बादल्यांत.

बादल्यांत तो आठवडाभरात गोठणारच, गुळाच्या ढेपेसारखा, चमचा वाकतो. इथे कॅबिनेटचे खरे पैसे वसूल होतात. ३२ ते ३५ डिग्रीला दिवसभर ठेवलं की मध पूर्ण वितळत नाही, नुसता सैल पडतो, मग त्यात आधीचा बारीक कणीचा मध दहाएक टक्के मिसळायचा, ढवळायचा आणि १४ डिग्रीच्या आसपास गार जागी ठेवायचा, कारण त्या तापमानाला कणी सगळ्यात भरभर धरते आणि बारीक राहते. माझं गॅरेज तेवढंच गार असतं. तयार होतो तो पांढरा, लोण्यासारखा, ब्रेडवर पसरणारा मध, शेजारीपाजारी बरणी हातात पडायच्या आत नेतात. आधी मी बादली गरम पाण्याच्या टबात ठेवायचे, कडेचा मध कढत आणि मधे दगड, आणि जास्त तापवला की एचएमएफ (मध तापल्यावर त्यात तयार होणारं रसायन) वाढतं, त्याचीही कायद्याने मर्यादा आहे, किलोला ४० मिलिग्रॅम.

आता दोष, आणि हा लहान नाहीये. डायलवर ३५ लावलं तर आत माझ्या थर्मामीटरवर ४१ दिसलं. मधकोठी वर असती तर मेण बसलंच असतं. नशिबाने आधी रिकामं चालवून बघितलं होतं. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं की एवढा फरक चालतो. मला नाही चालत, वर्षाचा मध असतो तो. दुसरं, आत पंखा नाही, त्यामुळे तळाची बादली आधी सैल होते आणि वरची मागे राहते, अर्ध्या वेळाने अदलाबदल करावी लागते. साडेतेरा किलो उचलताना कंबर सांभाळा.

५ पैकी ४ देईन. दोन पेट्या असतील तर घेऊ नका, ओळखीच्या कुणाकडे असेल तर दोन दिवस मागून आणा. चार-पाचच्या पुढे असतील आणि आजूबाजूला रेप असेल तर जरूर घ्या, सोबत वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्याच.

आणि ज्यांच्या फ्रेम आत्ताच गोठल्यात त्यांनी फेकू नका, वितळवायलाही जाऊ नका. काट्याने झाकणं खरवडा, वर पाणी शिंपडा आणि ती मधकोठी पिल्लाकोठीच्या, म्हणजे राणी अंडी घालते त्या खणाच्या, खाली ठेवा. रेप संपल्यावर जूनमध्ये इथे बाहेर फारसं काही फुललेलं नसतं, तेव्हा माश्या ते पाण्याने सैल करून उचलतात. माझ्या त्या पहिल्या वर्षीच्या फ्रेम तीन आठवड्यांत साफ झाल्या होत्या, पोळीही शाबूत, यंदा त्याच परत वापरल्या.