रीपर: घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या ग्रुपने घ्यावं का?

घरी गाणी रेकॉर्ड करायचीयेत, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून रीपर सांगतो, फक्त एक अट, तुमच्याकडे खरी वाद्यं आणि खरे गळे पाहिजेत. लॅपटॉपवरच बीट आणि सिंथ जुळवणाऱ्यांपैकी असाल तर नाद सोडा, ह्यात लूप्स (तयार तालासुराचे तुकडे) नाहीत, रेडीमेड वाद्यांचे आवाज जवळजवळ नाहीतच, उघडलं की समोर नुसती राखाडी रिकामी खिडकी. दिसायला सरकारी ऑफिसातलं काहीतरी वाटतं.

आमचा ग्रुप म्हणजे एक पेटीवाला, एक तबलजी, गाणाऱ्या दोघी आणि लॅपटॉपवर मी. पुण्यातल्या फ्लॅटची मागची बेडरूम, भिंतीला गोधड्या टांगलेल्या, टेक (एका दमातलं रेकॉर्डिंग) सुरू झाला की पंखा बंद आणि शेजारच्या कुकरच्या शिट्या सांभाळून सगळं करायचं. इंटरफेसला (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) इनपुट दोनच आहेत त्यामुळे सगळ्यांनी एकदम बसून वाजवलं असं होत नाही, आधी पेटी आणि कच्चा गळा, मग त्यावर तबला (एक माईक दायाला, एक डग्ग्याला), आणि सगळ्यात शेवटी खरं गाणं. असं एकावर एक चढवायचं म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारा क्लिक आलाच, आणि क्लिक म्हटलं की तबलजींचं तोंड वाकडं होतं, बरोबरच आहे की, चार मात्रांची ती टिकटिक सात मात्रांच्या रूपक तालाला काय कामाची!

इथेच रीपर मला आवडलं. क्लिकला सात मात्रा लावा, ३-२-२ अशी वजनं द्या, आणि टिकटिकीच्या जागी स्वतःचा आवाज टाका, नुसती एक वेव्ह फाईल द्यायची असते. आमच्या पठ्ठ्याने स्वतःच्याच तबल्याचे दोन ठोके दिले, विभाग सुरू होताना दबका 'तीं' आणि बाकी मात्रांना चाटेवरचा कोरडा 'ना'. हेडफोनमध्ये आता ठेका धरल्यासारखंच वाटतं त्यामुळे तो कुरकुर न करता वाजवतो, आणि नंतर क्लिक काढला तरी लय डगमगत नाही.

दुसरी जमेची बाजू टेकची. मुखडा लूपला टाकायचा आणि गाणारीला हवा तितक्या वेळा म्हणू द्यायचा, प्रत्येक टेक खाली साठत जातो, पुसला काही जात नाही. २०२३ ला आलेल्या ७ व्या व्हर्जनपासून हे टेक वेगवेगळ्या लेनमध्ये (एकाखाली एक पट्ट्यांत) दिसतात आणि माऊस ओढून पहिली ओळ ह्यातली, दुसरी त्यातली असं उचलता येतं. मग आमची भांडणं सुरू, एकीला तिसऱ्या टेकमधली मींड हवी असते, दुसरी म्हणते श्वास ऐकू येतोय, पेटीवाल्याला सगळेच सारखे वाटतात. शब्द जोडलेले कळत नाहीत पण तान जोडायला जाऊ नका, कान असलेल्या माणसाला लगेच कळतं, तान अख्खी परत घ्यावी.

नव्या लोकांना हमखास छळणारी गोष्ट म्हणजे गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येणं. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो, सेटिंगमध्ये जाऊन बफर बघा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा साठवून मग पुढे सोडतो ते. ४८ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर असेल तर तिथेच २१ मिलिसेकंद गेले, त्यात गाणं अवघड जातं. रेकॉर्ड करताना १२८ ला आणा, म्हणजे पावणेतीनच्या आत (ड्रायव्हर वगैरेचा वेळ वेगळा), आणि मिक्सिंगला बसलात की परत वाढवा नाहीतर जुना लॅपटॉप तडतडायला लागतो. विंडोजवर असाल तर इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) टाकायला विसरू नका.

सोबत मिळणारे इफेक्ट दिसायला अगदीच रूक्ष, कामाला चोख. लॅपटॉपच्या फॅनची घरघर आली असेल तर रीएफआयआर नावाच्या इफेक्टमध्ये सबट्रॅक्ट (वजा करण्याचा) मोड आहे, नुसत्या घरघरीचा तुकडा त्याला ऐकवायचा की तो तेवढीच कमी करतो, पण हात आखडता ठेवा, जास्त केलंत तर गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो. पेटी बऱ्याचदा बरोब्बर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला नसते, त्यामुळे नंतर कीबोर्ड घालायचा असेल तर आधी रीट्यून ह्या इफेक्टवर पेटीचा सूर किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकलाय ते बघा आणि कीबोर्ड तिकडे सरकवा, पेटीला हात लावू नका.

रीनिन्जॅम नावाचं एक प्रकरण पण आहे, लांबलांबच्या मित्रांनी इंटरनेटवर एकत्र वाजवायचं. त्यात समोरच्याचं वाजवणं मुद्दाम ठरावीक मात्रांनी मागून ऐकू येतं, म्हणजे तुमच्या ह्या आवर्तनावर त्याचं मागचं आवर्तन. एकाच कॉर्डवर जॅम करणाऱ्यांना मजा येत असेल, सवाल-जवाबाला काही उपयोग नाही.

किंमत. ६० दिवस पूर्ण फुकट, एकही फीचर बंद नाही. त्यानंतरही ते चालू राहतं, फक्त उघडताना लायसन्स घ्या म्हणून आठवण करत बसतं. घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलर, व्यावसायिक २२५. ज्याने एकेकाळी विनअँप हा गाणी वाजवणारा प्लेयर बनवला त्याच जस्टिन फ्रँकलचं हे काम आहे, साठ दिवस झाले आणि वापरत असाल तर पैसे देऊन टाका राव.

शिकायला त्रास होतो हे खरंय, मेनूमध्ये मेनू, त्यात परत मेनू. सुरुवातीला रेकॉर्ड, स्प्लिट (तुकडा कापणं), फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) आणि रेंडर (तयार गाण्याची फाईल काढणं) एवढंच शिका, बाकीचं लागेल तसं. आणि महागड्या सॉफ्टवेअरचे जे पैसे वाचतील त्यातून आधी चार हेडफोन लागतील असा हेडफोन अँप घ्या, एकाच हेडफोनचा एक कान तबलजीला आणि एक कान गाणारीला अशी कसरत फार दिवस चालत नाही.